किसनकाकांचं बोलघेवडं मौन

लग्नात आशीर्वाद द्यायची वेळ आली की माणसं 'सुखाने संसार करा' असलं काहीतरी म्हणतात. आमचे किसनकाका स्टेजवर चढतात, नवऱ्यामुलाच्या हातात पाकीट कोंबतात, नवरीच्या डोक्यावर हात ठेवतात आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "हे बी जाईल."

एका नवरीने तिथल्या तिथे भोकाड पसरलं. तिच्या बापाने काकांना दंडाला धरून पंगतीकडे नेलं, तर तिथे जिलबी वाढणाऱ्याला काका म्हणाले, "वाढ, वाढ. ही बी जाईल." ती मात्र गेली. चांगली ताटभर गेली.

शेजारच्या आळीत एकाने नवी गाडी घेतली. हार घातला, लिंबू-मिरची बांधली, काकांना पेढा दिला. काकांनी पेढा तोंडात टाकला, बोनेटवर थाप मारली आणि तेच म्हणाले. चार पावसांच्या आत गाडी घसरून भाताच्या खाचरात गेली. तेव्हापासून आमच्या रिह्याच्या खोऱ्यात नवी गाडी घेणारे लोक काकांच्या घरावरून जात नाहीत. लांबचा रस्ता पत्करतात.

हे काका माझे घरमालक. मी मूळची परभणीची. कंपनी हिंजवडीत, म्हटलं जरा डोंगर, ओढा, मोकळी हवा बघून राहावं, म्हणून त्यांच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. हवा मिळाली. बाकी मोकळीक वगैरे काही विचारू नका.

किसनकाकांचा आवाज देवाने डोंगराच्या ह्या अंगाने त्या अंगाला हाळी घालण्यासाठी बनवलेला आहे. ते कानात सांगायला लागले तरी ओढ्यापलीकडची माणसं मान वळवतात. आणि ह्या माणसाला म्हातारपणी नाद लागला तो मौनाचा! ओढ्याकडे एक ध्यान केंद्र आहे. शहरातली माणसं तिथे येतात, फोन काउंटरवर जमा करतात आणि दिवसचे दिवस तोंड मिटून बसतात. काका एकदा तिथे शिबिराला गेले, तेव्हा सगळ्या गावाची करमणूक झाली होती. "किसन संध्याकाळच्या आत कंपाउंडवरनं उडी मारून येतोय," असं जो तो म्हणत होता. काका आले नाहीत. पार शिबिर संपवूनच आले, वाळलेले, दाढी वाढलेली, डोळे शांत, तोंडी 'हे बी जाईल'. आणि आल्या आल्या पारावर बसून त्यांनी मौन ह्या विषयावर जे बोलायला सुरुवात केली, ते अजून बोलतायत.

"म्याडम, मौन म्हंजे काय?" हे वाक्य जिन्यात ऐकू आलं की मी बॅग खाली ठेवते. उभ्याने झेपणारं प्रकरण नाही ते. "मौन म्हंजे नुसतं त्वांड बंद न्हाई. ते तर बैल बी ठेवतो. मन बंद पायजे. इचार आला, बघायचा. गेला, जाऊ द्यायचा. बोलायचं न्हाई." हे बोलायचं न्हाई प्रकरण काका मला पाऊण तास समजावून सांगतात.

रोज सकाळी ते ओट्यावर खताचं रिकामं पोतं घडी करून टाकतात आणि ध्यानाला बसतात. डोळे मिटलेले, पाठ ताठ. समालोचन मात्र चालू. "आता डाव्या गुडघ्याला मुंग्या आल्यात. बघतुया. येऊ द्या... कोन चाललंय? म्याडम का? त्या दूधवाल्याला सांगा, आज अर्धा लिटर बास... मुंग्या गेल्या. आता नाकावर माशी हाय. हे बी जाईल." मग फाडकन आवाज येतो. माशी गेलेली असते. जगातूनच गेलेली असते.

काकांच्या ध्यानाच्या वेळात भाडेकरूंनी मिक्सर लावायचा नाही, कपडे आपटायचे नाहीत आणि कुकरची शिट्टी तर अजिबात होऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. मी विचारलं, "काका, शिट्टी न होऊ देता डाळ कशी शिजवायची?" तर म्हणाले, "डाळीला बी जरा सबुरी शिकवा." घरात एक कोंबडा आहे. तो ध्यानात व्यत्यय आणतो म्हणून काका त्याच्यावर डालगं पालथं घालतात आणि वरून गोधडी टाकतात. बिचाऱ्याला वाटतं अजून रात्रच आहे. ध्यान संपलं की गोधडी निघते आणि तो साहेब लोकांच्या ऑफिसच्या वेळेला बांग देतो. माझी सकाळची मीटिंग आणि त्याची पहाट एकाच वेळी सुरू होते.

आता तुम्ही म्हणाल, ह्या बडबड्या माणसाशी संसार करणारी बाई कोण असेल? तर त्या हौसाकाकू. आणि खरं मौन काय असतं ते बघायचं असेल, तर केंद्रात कशाला जायला पाहिजे, आमच्या स्वयंपाकघरात यावं. हौसाकाकू किसनकाकांशी कित्येक वर्षांत एक शब्द बोललेल्या नाहीत.

मला हे कळलं राहायला आले त्याच दिवशी. काका ओट्यावर, काकू उंबऱ्यात, मी मध्ये. दोघांत हातभर अंतर. काकू मला म्हणाल्या, "त्यांना सांग, च्या झालाय." मला वाटलं काकांना कमी ऐकू येतं. मी ओरडून म्हटलं, "काका, चहा झालाय!" काका म्हणाले, "तिला सांगा, घिऊन ये." मी काकूंकडे बघितलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. निरोपाची वाट बघत होत्या! मी म्हटलं, "काकू, घेऊन या म्हणतायत." त्या क्षणी मी त्या घरात कामाला लागले.

माझ्या आधी हे काम त्यांच्या मुलीकडे होतं. ती लग्न होऊन गेली, मग म्हशीकडे आलं. "म्हशे, सांग तुज्या मालकाला, पेंड संपलीया." म्हैस विकली आणि मी आले. तेव्हा माझी नेमणूक कोणाच्या जागेवर झाली आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे.

कप्पाळ माझं! कानाला हेडफोन, समोर परदेशातले क्लायंट, आणि दारात काकू. "त्यांना सांग, ग्यास संपलाय." मी खिडकीतून डोकं काढून केकाटते, "काका, गॅस संपलाय!" खालून उत्तर येतं, "तिला सांगा, नंबर लावलाय!" एकदा माइक बंद करायचा राहिला. तेव्हापासून आमच्या टीममध्ये कोणाचं काम अडलं की विचारतात, नंबर लावलाय का?

अबोल्याचं कारण मला काकूंनी कांदे चिरता चिरता सांगितलं. म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी कांद्यावर ढकलता येतं. ओढ्याकडे त्यांचं एक खाचर होतं. लहानसंच, पण काकू लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्यांच्या हातची तिथे भाताची लावणी. घरापुरता आंबेमोहोर तिथेच व्हायचा. "शिजाय लागला की पाव्हनं वासावर घर हुडकत यायचं," काकू म्हणाल्या. मुलीचं पुढच्या साली लग्न ठरलं, वरच्या मजल्याचा स्लॅब निघाला, आणि काकांनी ते खाचर विकलं. सातबारा त्यांच्या नावावर, सही त्यांची. काकूंना सांगायचं धाडस होईना. आज सांगू, उद्या सांगू. पाऊस पडला, काकूंनी रोप टाकलं, रोप वाढलं. लावणीला म्हणून काकू सकाळी खाचरावर गेल्या तर बांधावर जेसीबी उभा.

"ज्या मान्सानं कोंबडीनं आंडं घातलं तरी गावभर सांगितलं, त्यानं हे एवढं मला सांगितलं न्हाई," काकू म्हणाल्या. "मंग मी तरी कशापायी बोलू?" खरंच सांगते, त्या दिवशी मला काकांचा भयंकर राग आला.

आणि त्या खाचरावर झालं काय? तर हेच ध्यान केंद्र. आलं लक्षात? बायकोची जमीन तिला न सांगता विकायची आणि वर त्याच जमिनीवर बसून मन शुद्ध करायचं! हा निर्लज्जपणा मला काही पचेना. पुढच्या वेळी जिन्यात 'मौन म्हंजे काय' ऐकू आलं तेव्हा मी बॅग खाली ठेवलीच नाही. "काका, ते तुम्ही काकूंकडून शिका," म्हटलं आणि वर गेले. मागून नेहमीसारखं 'हे बी जाईल' ऐकू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

रविवारी सकाळी केंद्रात गावातल्या लोकांसाठी तासभर सामुदायिक बैठक असते. काका ती कधी चुकवत नाहीत. "एक डाव चला म्याडम, डोस्क्यातली जळमटं निघतील," असं म्हणून म्हणून त्यांनी एका रविवारी मला नेलंच. मोठा स्वच्छ हॉल, ओळीने निळ्या गाद्या, सगळीकडे 'शांतता राखा'च्या पाट्या. काका तडक मागच्या भिंतीजवळच्या कोपऱ्याकडे गेले. तिथे एक टकले गृहस्थ आधीच बसलेले. मग त्या पवित्र शांततेत जे भांडण झालं ते मी जन्मात विसरणार नाही. काकांनी हात जोडले. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. काकांनी त्यांच्या गादीचं टोक धरून हळूच ओढलं. गृहस्थ गादीसकट सरकले, तरी डोळे उघडेनात, कारण नियम! काकांनी त्यांना तसंच, चाक नसलेल्या गाडीसारखं, बाजूला सारलं आणि आपलं बूड टेकलं. मला हसू आवरेना. तोंडात ओढणी कोंबून मी तास काढला. ज्ञान वगैरे काही झालं नाही, पोटात मात्र दुखलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "अहो काका, एवढा मोठा हॉल, आणि तुम्हाला तोच कोपरा कशाला लागतो?"

काका चप्पल घालत होते. खाली बघूनच म्हणाले, "तितं पान्याचं त्वांड व्हतं. वढ्याचं पानी तितनं खाचरात उतरायचं. हौसा भाताच्या रोपांचा पयला चूड तितंच लावायची."

काका चालायला लागले. आवाज चक्क खाली आला होता. "ते म्हंत्यात श्वास बघा. म्या बांध बघतुया. डोळं मिटलं की हितनं सुरू करतुया, तिकडनं फिरून परत हितं. हौसा वाकल्याली असती. म्या बांधावर उभा. आता सांगतो, आता सांगतो म्हंतो." मग म्हणाले, "ही रविवारची बैठक निघायच्या आदी शिबिर केल्याबिगर कंपाउंडच्या आत घेत नव्हते ओ म्याडम. मंग केलं."

आता ह्याला काय म्हणायचं? मी तावातावाने साठवलेला सगळा राग घरी येईपर्यंत कुठल्या कुठे गेला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, पावसाच्या तोंडावर, गच्चीवर एक फुटका प्लॅस्टिकचा टब आला. त्यात माती, मातीत हिरवंगार काहीतरी दाट उगवलेलं. मी विचारलं तर काका म्हणाले, "गव्हांकुर हाय. तब्येतीला लई चांगलं." काकांच्या तब्येतीला आजवर फक्त मटण चांगलं होतं, पण म्हटलं असेल. माझ्या शेजारच्या खोलीत नागपूरचा एक मुलगा राहतो. त्याला आरोग्याचं भारी वेड. त्याने एका सकाळी कात्रीने त्यातलं मूठभर कापलं, मिक्सरमध्ये फिरवलं आणि नाक दाबून प्यायला. काका गच्चीवर आले, टब बघितला, आणि त्यांच्या सगळ्या साधनेचं क्षणात पाणी झालं. "कुनी कापलं रं ते? कुनाच्या बापाचं हाय?" पार घोटवड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. नागपूरकर हिरव्या मिशा पुसत म्हणाला, "काका, जाऊ द्या ना. हे बी जाईल." मी मध्ये पडले म्हणून तो आज हातापायाने धड आहे.

तो गेल्यावर काका टबाशेजारी मटकन बसले. "आंबेम्होर हाय," म्हणाले. "बी मिळत नव्हतं. हौसाची बहीन हाय मुळशीला, तिनं हिच्याकडनं नेल्यालं, दरसाल पेरून आजून राखलंय. यष्टीनं जाऊन आणलं. तिनं बी चार शिव्या घातल्या, मंग दिलं." केंद्राच्या मागच्या भिंतीलगत एक चिंचोळा तुकडा होता, तिथे पावसाळाभर पाणी साचायचं. काकांनी संचालकांकडे खेटे घालून घालून तो मागून घेतला होता. विकत नव्हे, नुसता भात लावायला. अट एकच, तिथे काम करताना बोलायचं नाही. "एकट्यानं लावतुया ह्या आठवड्यात. मंग तिला दाखवायचं." आणि माझ्याकडे बघून, "तेवढं तुमी सांगा तिला. यील का ओ ती?"

इतकी वर्षं हा माणूस सगळ्या जगाला सगळं जाईल म्हणून सांगत होता. ह्या एका बाबतीत मात्र काहीतरी परत यावं म्हणून डोळ्यांत प्राण आणून बसला होता.

मी खाली गेले. "काकू, काका म्हणतायत, रविवारी केंद्रावर या."

"त्यांना सांग, माज्या खाचरावर डोळं मिटून बसाया मी येडी न्हाई."

मी वर गेले. काका म्हणाले, "तिला सांगा, डोळं मिटायचं न्हाईत."

मी खाली आले. "त्यांना सांग, मला काम हाय."

मी वर. "तिला सांगा, तासाभराचं काम."

जिना चढून उतरून माझे गुडघे बोलायला लागले. शेवटी स्वयंपाकघरात पाटावर बसकण मारली आणि म्हटलं, "काकू, बास झालं आता. गच्चीवर काय आहे ते तरी एकदा बघा."

काकू भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "काय हाय ते ठावं हाय मला. गव्हाचं पान आन भाताचं पान कळत न्हाई व्हय मला? मधी दोन दिस पावसानं दडी मारली तवा पानी कुनी घातलं?" भाकरी तव्यावर टाकली. "तो तर पारावर मौन सांगत बसला व्हता."

रविवारी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. काका पुढे, काकू मागे, मधोमध मी. रिमझिम चालू होती. काकांच्या हातात छत्री होती पण ती उघडायचं त्यांना सुचलं नाही. त्या रस्त्यावर काकूंनी जेसीबीच्या दिवसानंतर पाऊल टाकलेलं नव्हतं. केंद्राच्या फाटकाशी त्या थांबल्या. मला वाटलं, गेलं सगळं ओढ्यात. मग पदर डोक्यावरून नीट घेतला आणि आत आल्या.

हॉलच्या मागे भिंतीलगत तो तुकडा होता. पाणी साठलेलं, त्यात ओळीने कोवळे, अजून पिवळट चूड उभे. ओळी वाकड्यातिकड्या होत्या. काकांनी लावलेल्या, एकट्याने, न बोलता. काकू कडेला उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

काका माझ्याकडे वळले. "म्याडम, तिला सांगा..." म्हणाले आणि थांबले. मी निरोपाची वाट बघत उभी. काकांचे ओठ हलत होते. पुन्हा म्हणाले, "तिला सांगा की..." आणि त्या माणसाला, किसनकाकांना, शब्द सापडेना!

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "लई दाट लावलंय."

सवयीने मी तोंड उघडलं. "काका, काकू म्हणतायत की लई दा..."

"तू गप गं," काकू म्हणाल्या. "मी त्यांच्याशी बोलतीया."

काकूंनी ठेवणीतल्या लुगड्याचा काष्टा वर खोचला, चपला काढल्या आणि सरळ चिखलात उतरल्या. एक चूड उपटला, काकांच्या तोंडासमोर धरला. "एका चुडात किती रोपं कोंबलीत ही? दम नगं घ्यायला त्यास्नी? आन ही वळ हाय का? का दारू पिऊन लावलंय? आन पानी तिकडनं कशापायी घेतलंय?"

काका कसंबसं म्हणाले, "तितंच व्हतं न्हवं पान्याचं त्वांड. त्या कोपऱ्याला."

"त्या कोपऱ्याला?" काकूंचा आवाज चढला. काकांच्या तोडीचा होता, शपथ! "अवो, ते ह्या कोपऱ्याला व्हतं! इतकी वरसं खाचर केलं आन पान्याचं त्वांड कुटं व्हतं ते ठावं न्हाई? म्हंजे नुसतंच बांधावर उभं ऱ्हायचं, ध्यान कुटं आसायचं तुमचं?"

म्हणजे इतके रविवार चुकीचाच कोपरा, त्या टकल्या गृहस्थांना फुकटच सरकवलं म्हणायचं. मी काकांकडे बघितलं. मान खाली, हात मागे बांधलेले, छत्री काखेत मिटलेली, आणि पाऊस डोळ्यांवरून मिशीत, मिशीतून हनुवटीवर.

काकू वाकून चूड विरळ करत होत्या आणि बोलत होत्या. रोपांवरून स्लॅबवर गेल्या, स्लॅबवरून मुलीच्या लग्नातल्या मानपानावर, तिथून विकलेल्या म्हशीवर, कोंबड्यावर टाकलेल्या गोधडीवर. इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं. हॉलमधून पांढऱ्या कपड्यांतला एक सेवक धावत आला, पाटीकडे बोट दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी त्याच्या हातात उपटलेल्या रोपांची जुडी दिली, "धर, पानी निथळू दे," म्हणाल्या आणि पुढच्या ओळीला लागल्या. तो बिचारा जुडी धरून उभा राहिला.

माझी जीभ कुठे स्वस्थ बसायला. मी काकांच्या जवळ सरकून हळूच म्हटलं, "काय काका? हे बी जाईल का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. बोट तेवढं ओठांवर ठेवलं. आजवर मला म्याडमशिवाय हाक न मारणारे काका म्हणाले, "गप बस पोरी. ऐकू दे."